यिर्मया ४४ : मिसरातल्या त्या बायकांचं चुकलं कुठं?

मोगरी_नगर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण मागचं-पुढचं न सांगता विचारला तर त्यात काही अर्थ राहणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. एक विनंती आधीच करते. मूर्तिपूजा बरोबर की चूक, यावर इथे आधीच बरेच धागे आहेत. हा धागा तिकडे नेऊ नका. मला बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एका भांडणाबद्दल विचारायचं आहे.

आमच्या चर्चच्या महिला मंडळात आम्ही यिर्मया सलग वाचतोय. बहुतेक जणी शेतात राबणाऱ्या, दोघी शिक्षिका, एक नर्स. ४३ अध्याय होईपर्यंत कुणी फारसं अडवलं नाही. संदेष्टा सांगतो की परक्या दैवतांच्या मागे लागाल तर नाश होईल, लोक ऐकत नाहीत, नाश होतो. ४४व्या अध्यायात मात्र लोक उलट उत्तर देतात, आणि ते उत्तर सहज झटकून टाकता येत नाही.

यरुशलेम पडलेलं आहे. बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेने मंदिर जाळलंय, सिद्कीया राजाचे डोळे फोडून त्याला बेड्या घालून बाबेलला नेलंय. मागे राहिलेल्यांवर बाबेलने गदल्याला नेमलं, तर राजघराण्यातल्याच इश्माएलने मिस्प्यात त्याचा खून केला. आता बाबेल सूड घेणार या धास्तीने उरलेसुरले लोक मिसरला (इजिप्तला) पळाले. जाऊ नका, इथेच राहा, असं यिर्मया बजावत होता. त्यालाही त्यांनी सोबत नेलं. तिथे परक्या मुलखात तो पुन्हा तेच सांगू लागतो की तुमच्या बापजाद्यांनी इतर देवांना धूप जाळला म्हणून हे झालं, आणि तुम्ही इथेही तेच करताय.

त्यावर बायका आणि त्यांचे नवरे म्हणतात (माझ्या शब्दांत सांगते): तुझं आम्ही ऐकणार नाही. आमच्या वाडवडिलांनी, राजांनी, सरदारांनी यरुशलेमच्या गल्लीबोळांत आकाशाच्या राणीला धूप जाळला, पेयार्पणं केली, तेव्हा आम्ही पोटभर खात होतो, सुखात होतो, वाईट दिवस आम्हाला ठाऊक नव्हते. ते बंद केलं तेव्हापासून घरात कशाला काही राहिलं नाही, आणि तलवार नि दुष्काळ आमच्या मागे लागले. शिवाय बायका हेही सुनावतात की आमच्या नवऱ्यांना न सांगता का आम्ही तिच्या नावाच्या पोळ्या करत होतो?

आमच्या मंडळातल्या एक आजी इथे थांबल्या. म्हणाल्या, "मला या बायांचं बोलणं कळतंय." त्यांच्या सासूने बाप्तिस्मा घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक भावकीत देऊन टाकले. त्याच पावसाळ्यात फऱ्या येऊन जोडीतला एक बैल गेला. पुढची कितीतरी वर्षं भावकी सासूला ऐकवत राहिली, टाक दिलेस म्हणून बैल गेला. आजी म्हणाल्या, "सासूने कधी उलट उत्तर दिलं नाही. पण तिला उत्तर सुचत नव्हतं, हेही मला माहीत आहे. यिर्मयाला तरी सुचलं का, ते सांगा."

घरी येऊन मी तारखा मांडून पाहिल्या. मनश्शेने ५५ वर्षं राज्य केलं. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे त्याने आकाशातल्या सेनेच्या (म्हणजे ग्रहताऱ्यांच्या) वेद्या थेट मंदिराच्या अंगणात बांधल्या, आणि तरी तो सुखाने मेला. त्याचा नातू योशिया याने इ.स.पू. ६२२च्या सुमारास हे सगळं साफ केलं, उच्च स्थानं (टेकड्यांवरची पूजास्थळं) पाडली, मूर्ती किद्रोनच्या ओढ्यात जाळल्या. ६०९ साली तोच योशिया मगिद्दोला फारो नखोच्या हातून मारला गेला. त्याचा मुलगा तीन महिन्यांत कैद झाला, देशावर १०० किक्कार (जुनं मोठं वजन) चांदी आणि एक किक्कार सोन्याचा दंड बसला. ५९७ला पहिल्यांदा लोक पाडाव करून बाबेलला नेले, ५८७ला (कुणी ५८६ धरतात) सगळंच संपलं. म्हणजे जुनी उपासना चालू होती तेव्हा शांतता, बंद केली आणि दिवस फिरले. नुसता हिशेब पाहिला तर तो बायकांच्या बाजूने लागतो.

यिर्मया काय म्हणतो? तुम्ही जाळलेला तो धूपच परमेश्वराच्या लक्षात राहिला, त्याला सहन होईना, म्हणून देश उजाड झाला (४४:२१-२२). दोघं एकाच संकटाकडे बोट दाखवतात आणि दोन उलट कारणं सांगतात. मग संदेष्ट्याचं म्हणणं जास्त वजनदार कशावरून? 'देवाचं वचन आहे म्हणून' हे मला मान्य आहे, पण त्या बायकांना ते मान्य नव्हतं. त्यांना पटावं असं काही या पुस्तकात आहे का?

---

विटा_आणि_खापरं

मोगरीताई, छान प्रश्न. ईश्वरी न्यायाबद्दल बोलायचा माझा अधिकार नाही. मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी, तेवढ्यापुरतं सांगतो.

बायका खोटं बोलत नव्हत्या, याचा पुरावा जमिनीत आहे. यहूदाच्या वस्त्यांत, खुद्द यरुशलेममध्येही, इ.स.पू. आठव्या ते सहाव्या शतकातल्या मातीच्या छोट्या स्त्रीमूर्ती आठशेच्या वर सापडल्या आहेत. वीतभरही उंच नाहीत. खालचा भाग खांबासारखा गोल, हात छातीखाली धरलेले. डोकं एकतर साच्यातून काढलेलं, नाहीतर ओल्या मातीला दोन बोटांनी चिमटून केलेलं. त्या चिमट्याने चेहरा पक्ष्यासारखा दिसतो. बहुतेक राहत्या घरांत मिळाल्या, आणि बऱ्याचशा मोडलेल्या. या मूर्ती म्हणजेच आकाशाची राणी, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण बायामाणसांच्या हातातली, चुलीजवळची एक उपासना राजवाड्याच्या आणि मंदिराच्या बाहेर चालू होती, एवढं त्यांवरून नक्की म्हणता येतं. यिर्मया ७:१८ वाचा: पोरं लाकडं गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बाया कणीक मळतात. अख्खं घर कामाला लागलेलं आहे. हे वर्णन डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं आहे.

ते लोक ज्या तहपन्हेसला जाऊन पोचले ते ठिकाण म्हणजे नाईलच्या मुखाजवळचं आजचं तेल देफेन्ना. १८८६ साली पेट्रीने तिथे खोदकाम केलं, तेव्हा आसपासचे लोक त्या पडक्या गढीला 'यहुद्याच्या लेकीचा वाडा' म्हणत. गढीसमोर विटांचं मोठं अंगण निघालं. ४३व्या अध्यायात यिर्मया फारोच्या घराच्या दाराशी विटांच्या फरसबंदीत धोंडे पुरतो आणि म्हणतो की नबुखद्नेस्सर यांवर आपलं सिंहासन मांडील. पेट्रीने ते हेच अंगण मानलं. मानायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं, पण गाव तेच.

शिवाय ती राणी मिसरात खरोखर होती. १९४५ साली हर्मोपोलिसला अरामी भाषेतली काही घरगुती पत्रं सापडली, इ.स.पू. ५००च्या आसपासची. परगावी असलेली माणसं आस्वानकडच्या आपल्या घरच्यांना लिहितायत, आणि एका पत्राच्या सुरुवातीलाच 'आकाशाच्या राणीच्या मंदिराला' नमस्कार आहे. त्याच आस्वानसमोरच्या एलिफंटाईन बेटावर (मुंबईजवळची घारापुरी नव्हे, नाईलमधलं बेट) यहुदी शिपायांची वसाहत होती. तिथे यहो देवाचं (म्हणजे परमेश्वराचंच) स्वतंत्र मंदिर होतं. इ.स.पू. ४००च्या सुमाराची त्यांची वर्गणीची यादी मिळाली आहे. शेवटी जमाखर्च असा: यहोसाठी १२६ शेकेल, एशेम-बेथेलसाठी ७०, अनाथ-बेथेलसाठी १२०. म्हणजे यिर्मयानंतर दीडपावणेदोनशे वर्षांनीही मिसरातले काही यहुदी परमेश्वराशेजारी दुसरी दैवतं ठेवून होते. पुस्तकात संदेष्ट्याचा आवाज मोठा आहे, पण त्याच्या काळात आणि नंतरही तो थोड्यांचा आवाज होता.

---

सह्याद्रीवारा

धाग्याला फाटा फोडायचा नाही, पण एक गोष्ट खटकतेच. गरीब बायका पिठाच्या पोळ्या करून वाहतात आणि त्यासाठी देव शहरं जाळतो? यात न्याय कुठे आला? हा तर मत्सर झाला. आणि उरलेलं जगच मूर्ती पूजत होतं, मग शिक्षा फक्त यांनाच का?

---

मोगरी_नगर

दादा, फाटा नाही हा, प्रश्नाच्या पोटातलाच प्रश्न आहे. शेवटच्या वाक्याबद्दल मला माहीत आहे तेवढं सांगते.

इतर राष्ट्रांना संदेष्टे कशाबद्दल दोष देतात ते आमोसाच्या पहिल्या दोन अध्यायांत बघा. दिमिष्काचा गुन्हा: गिलादातल्या माणसांना लोखंडी मळणीयंत्रांखाली मळलं. अम्मोनचा: हद्द वाढवायला गरोदर बायकांची पोटं फाडली. मवाबचा: अदोमच्या राजाची हाडं जाळून त्यांचा चुना केला. गज्जाचा: अख्खी गावं गुलाम म्हणून विकली. त्यांच्या मूर्तींचा त्या आरोपपत्रात उल्लेखही नाही. माणुसकी प्रत्येकाला ठाऊक असते आणि तिचा जाब प्रत्येकाला द्यावा लागेल, असं आमोस धरून चालतो. परक्या देवांच्या मागे लागल्याचा जाब मात्र सीनायवर ज्यांनी स्वतःहून करार केला त्यांना. होशेयाने त्याला नवराबायकोच्या नात्याची उपमा दिली ती यासाठीच. शेजारीण कुणाबरोबर राहते याचा राग नवऱ्याला कशाला येईल?

यशयाच्या ४४व्या अध्यायात मूर्ती घडवणाऱ्याची थट्टा आहे, अर्ध्या ओंडक्यावर भाकरी भाजतो आणि उरलेल्या अर्ध्याला हात जोडतो, हे मला माहीत आहे आणि ते वाचताना मला अवघडल्यासारखं होतं. पण ते शब्द बाबेलच्या बंदिवासातल्यांना उद्देशून आहेत. ज्यांच्या शहराची राख झाली, त्यांच्यासमोर विजेत्यांचे देव मिरवणुकीत न्यायचे. ४६व्या अध्यायात बाबेलचे देव बेल आणि नबो थकलेल्या जनावरांच्या पाठीवर लादलेले दिसतात, आणि लगेच परमेश्वर म्हणतो, तुम्हाला तर मी पोटात होतात तेव्हापासून वाहून नेलंय, केस पिकले तरी नेईन. हे हरलेल्यांना दिलेलं बळ आहे.

पोळ्यांसाठी शहर जाळलं का, हा तुमचा पहिला प्रश्न मात्र माझाही आहे.

---

अलिबाग_ते_अश्दोद

शालोम मोगरीताई. आम्ही मूळचे कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, आता इकडे इस्राएलमध्ये. वाचून राहवलं नाही. या घटना आमच्याकडे उपासात जिवंत आहेत. मंदिर जळालं तो आमच्या पंचांगातल्या आव महिन्याचा नववा दिवस. आजी त्याला बिरड्याचा रोजा म्हणायची, वालाच्या बिरड्यावरून. त्या रात्री विलापगीत वाचतात, जमिनीवर बसून. आणि तुम्ही लिहिलेल्या गदल्याच्या खुनाचाही वेगळा उपास आहे, नव्या वर्षाच्या सणानंतर लगेच, तिश्रीच्या तीन तारखेला. अडीच हजारांहून जास्त वर्षं झाली, एका नेमलेल्या अधिकाऱ्याच्या खुनासाठी लोक अजून उपाशी राहतात. का? कारण तो खून बाबेलने केला नव्हता. आपल्याच माणसाने आपल्या माणसाला जेवणाच्या पंगतीत मारलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. संकट आलं म्हणजे देव रागावला, हे सांगायला संदेष्ट्याची गरज नव्हती. आजूबाजूला सगळे तेच म्हणत. मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख १८६८ साली दिबोनला सापडला. त्यात तो लिहितो की इस्राएलच्या अम्रीने मवाबला पुष्कळ दिवस छळलं, कारण मवाबचा देव कमोश आपल्या देशावर रागावला होता. का रागावला, ते मेशा सांगत नाही. पुढे कमोश खूश झाला आणि मेशा जिंकला, बस. तहपन्हेसच्या बायकाही हेच म्हणतायत: राणीची सेवा सुटली, राणी रागावली. तुमच्या आजींच्या भावकीनेही हेच म्हटलं.

यिर्मया 'का' सांगतो, आणि तिथे तो पोळ्यांवर थांबत नाही. पोळ्यांचा उल्लेख सातव्या अध्यायात आहे ना? त्याच अध्यायात, त्याच्या थोडं आधी, मंदिराच्या दारात उभा राहून तो काय म्हणतोय ते बघा: परक्याला, अनाथाला, विधवेला पिळू नका, निरपराधाचं रक्त सांडू नका. तुम्ही चोरी करता, खून करता, खोट्या शपथा घेता, बआल या परक्या दैवताला धूप जाळता, आणि मग माझ्या घरात येऊन 'आम्ही वाचलो' म्हणता? त्याच अध्यायाच्या शेवटी हिन्नोमच्या खोऱ्यातलं तोफेत आहे, जिथे लोक पोटच्या मुलांना आगीत टाकत. धूप आणि ती आग त्याच्यासाठी वेगळी नाहीत. ज्या देवाने मिसरातल्या गुलामांना सोडवलं त्याला सोडलं, की त्याने घालून दिलेली गुलामांची, विधवांची काळजीही सुटते. दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो, ते पोकळ गोष्टींच्या मागे गेले आणि स्वतःच पोकळ झाले. शिक्षा बाहेरून येण्याआधी तिथेच सुरू झालेली असते.

बायकांच्या 'आम्ही पोटभर खात होतो' या वाक्यावर मला त्यांना विचारावंसं वाटतं: आम्ही म्हणजे कोण? २२व्या अध्यायात राजा यहोयाकीम वरच्या ऐसपैस खोल्या बांधतोय, गंधसरूचे तक्ते लावतोय, भिंती हिंगुळाने रंगवतोय, आणि मजुरांना दाम देत नाही. यिर्मया त्याला बापाची आठवण देतो. हा बाप कोण? तोच योशिया, ज्याने राणीची उपासना बंद केली. त्याच्याबद्दल यिर्मया म्हणतो: तुझा बापही खातपीत होता ना? त्याने गोरगरिबांना न्याय दिला आणि त्याचं बरं चाललं होतं. मला ओळखणं म्हणजे हेच नव्हे काय? (२२:१५-१६). म्हणजे तुम्ही मांडलेला हिशेब यिर्मयाच्या समोर होता, आणि त्याला तो मान्य नाही. योशियाचे दिवस त्याने पाहिलेले आहेत. ते वाईट दिवस होते हे तो कबूलच करत नाही. त्याच्या मते दिवस फिरले ते मुलाने मजुरी बुडवली तेव्हापासून.

आणि ३४वा अध्याय. तुमच्या मंडळात हा सगळ्यांत आधी वाचा, अशी माझी विनंती. यरुशलेमला वेढा पडलाय. भीतीने सिद्कीया आणि सगळे सरदार करार करतात की आपापले इब्री दासदासी मोकळे करायचे. वासरू कापून त्याच्या दोन तुकड्यांमधून चालत जाऊन शपथ घेतात. दास सुटतात. तेवढ्यात मिसरची फौज येतेय अशी बातमी येते, बाबेलचं सैन्य वेढा उठवून जातं. शहराला वाटतं, वाचलो. आणि पहिलं काम काय करतात? सोडलेले दास पुन्हा धरून आणतात. तेव्हा यिर्मया म्हणतो: तुम्ही आपल्या भावांना सुटका दिली नाहीत, तर मी तुम्हाला सुटका देतो, तलवार, मरी आणि दुष्काळ यांच्या हवाली जायची सुटका. सह्याद्रीवारा, तुमचं उत्तर मला इथे दिसतं. शहर जाळलं ते पोळ्यांसाठी, असं ३४ वाचल्यावर म्हणवत नाही.

---

सह्याद्रीवारा

हा ३४वा अध्याय मला माहीत नव्हता. आत्ताच पूर्ण वाचला. मत्सर हा शब्द मागे घेत नाही, पण चित्र मी समजत होतो त्यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे. धन्यवाद.

---

मोगरी_नगर

दादा (अलिबाग), तुमचा प्रतिसाद मी दोनदा सावकाश वाचला. २२:१५-१६ आणि ४४:१७ शेजारी ठेवून वाचायचं मला कधी सुचलं नसतं. दोन्हीकडे 'खात होते, बरं चाललं होतं' हेच आहे. बायका म्हणतात राणीच्या काळात, यिर्मया म्हणतो योशियाच्या काळात. वाद अगदी समोरासमोरचा आहे आणि पुस्तकाने दोन्ही बाजू ठेवल्या आहेत. यिर्मयाचा लेखनिक बारूख याने किंवा ज्याने कुणी हे उतरवून घेतलं, त्याने बायकांचं म्हणणं पातळ केलं नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो.

तरी माझा एक काटा निघालेला नाही. मजुरी बुडवली यहोयाकीमने. दास परत धरले सरदारांनी. तहपन्हेसला जाऊन पोचल्या त्या बायका यांपैकी कुणी नव्हत्या. वेढ्यात उपाशी राहिलेल्या, खुनाखुनीतून वाचलेल्या, परक्या मुलखात मिळेल ती वस्तू विकून दिवस काढणाऱ्या बायका. त्यांना यिर्मया सांगतो की मिसरात गेलेल्या यहूदातल्या सगळ्यांचा तलवारीने आणि दुष्काळाने शेवट होईल, बोटावर मोजण्याइतके परत येतील. मला इथे त्याचा राग येतो, आणि मी हे मंडळातही बोलले.

३९:१० मध्ये मात्र एक वाक्य आहे, ते कुणी फारसं वाचत नाही. शहर पडल्यावर बाबेलच्या सेनापतीने ज्यांच्याजवळ काहीच नव्हतं अशा गरिबांना मागे ठेवलं आणि त्यांना द्राक्षमळे आणि शेतं दिली. म्हणजे त्या न्यायाच्या दिवशी काही माणसांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा जमीन आली. आमच्या बायकांनी हे ऐकल्यावर लगेच विचारलं, किती दिली, कुणाच्या नावावर दिली. गदल्याने त्यांना सांगितलं होतं, द्राक्षं आणि तेल साठवा, भिऊ नका. आणि पीक चांगलं आलंही (४०:१२). मग खून झाला आणि तेही गेलं. मला वाटतं यिर्मया मिसरला जाऊ नका म्हणून जीव तोडून सांगत होता तो यासाठी. इथे नव्याने काही उभं राहू लागलं होतं.

विटा_आणि_खापरं, तुम्हाला एक विचारते. अध्यायाच्या शेवटी यिर्मया खूण देतो: फारो हफ्रा आपल्या शत्रूंच्या हाती जाईल, तेव्हा कळेल कुणाचा शब्द टिकला, माझा की तुमचा. ते झालं का?

---

विटा_आणि_खापरं

हफ्रापुरतं बोलायचं तर झालं. ग्रीक त्याला अप्रिएस म्हणतात. इ.स.पू. ५८९ ते ५७० त्याची कारकीर्द. सिद्कीयाच्या वेढ्याच्या वेळी मिसरची जी फौज आली आणि जिच्या भरवशावर दास परत धरले, ती याचीच. ५७०मध्ये त्याच्याच सैन्याने बंड केलं, अमासिस नावाचा सरदार गादीवर बसला. हेरोडोटस सांगतो की शेवटी हफ्राला मिसरी लोकांच्याच ताब्यात दिलं आणि त्यांनी त्याचा गळा आवळला. ज्याच्या आसऱ्याला ही मंडळी गेली तो असा गेला.

नबुखद्नेस्सरही आला. त्याच्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी, म्हणजे ५६८-५६७मध्ये, मिसरवर केलेल्या स्वारीचा उल्लेख एका फुटक्या बाबेली पाटीवर आहे. पण मिसर त्याने जिंकून ठेवलं नाही. अमासिस पुढे चाळीसेक वर्षं राज्य करत होता. मिसर पडलं ते ५२५मध्ये, इराणच्या कंबिसेसपुढे. आणि वर मी एलिफंटाईनच्या वर्गणीचं सांगितलंच, यहुदी वस्ती मिसरात टिकली होती.

यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात २९व्या अध्यायात याच्यासारखंच एक ठिकाण आहे, ते मला फार प्रामाणिक वाटतं. आधी त्याने भाकीत केलं होतं की नबुखद्नेस्सर सोर (टायर) लुटून नेईल. वेढा वर्षानुवर्षं चालला, पण लूट हाती लागली नाही. मग ५७१ सालचं वचन येतं: त्याच्या फौजेने सोरपुढे इतकी मेहनत केली की प्रत्येकाचं डोकं टकलं झालं, प्रत्येकाचा खांदा सोलवटला, आणि मजुरी काहीच मिळाली नाही, म्हणून आता मिसर त्याची मजुरी. आधीचं वचन खोडून काढलेलं नाही. दोन्ही एकाच पुस्तकात शेजारी ठेवली आहेत.

---

अलिबाग_ते_अश्दोद

यावर एवढंच म्हणेन की यिर्मयाच्या १८व्या अध्यायात कुंभार आहे. चाकावर भांडं बिघडलं की त्याच मातीचं दुसरं करतो. त्याखाली परमेश्वर म्हणतो, मी एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन म्हटलं आणि ते वळलं, तर माझाही बेत बदलतो. आमच्याकडे न्यायाचं भाकीत असंच वाचतात. भाकीत पूर्ण झालं नाही तर संदेष्टा खोटा ठरत नाही. निनवे शहर वळलं आणि वाचलं म्हणून योना संदेष्टा रुसून बसला होता तो याच कारणाने, आणि त्याची कथा आम्ही योम किप्पूरच्या (प्रायश्चित्ताच्या उपासाच्या) दुपारी वाचतो. ते मिसरातले लोक वळले की नाही हे पुस्तक सांगत नाही. यिर्मया कुठे मेला तेही सांगत नाही.

---

मोगरी_नगर

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या बैठकीला ३४, मग २२, मग ३९-४० आणि शेवटी ४४ अशा क्रमाने वाचायचं ठरवलंय. आजींना आज फोनवर ३४वा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "सासू ज्या बागायतदाराकडे कामाला जायची, तो दर आठवड्याला मजुरी कापायचा, आणि दारातलं तुळशीवृंदावन मात्र रोज सारवून घ्यायचा. त्याच्या बैलाला कुणी काही म्हटलं नाही." मी त्यांना म्हटलं की मजुरी कापणारे आपल्या रविवारच्या उपासनेलाही येऊन बसतात, यिर्मया मंदिराच्या दारात बोलला तो आपल्यासारख्यांशीच. त्याही हो म्हणाल्या.

तहपन्हेसच्या त्या बायकांना सुनावलेल्या शिक्षेबद्दल माझं समाधान अजून झालेलं नाही. कुंभाराचं चाक थोडा आधार देतं, पण 'बोटावर मोजण्याइतके' हे शब्द तिथे आहेतच. कुणाला या दोन वचनांबद्दल (४४:१४ आणि ४४:२८) आणखी काही माहीत असेल तर नक्की लिहा, मी धाग्यावर लक्ष ठेवून आहे.